पहिला घाणा

१

तुम्ही मला आधी एक सांगा. तुमच्या डोळ्यांना एक दिसतंय आणि अख्ख्या बाजाराला दुसरंच, तर तुम्ही विश्वास कोणावर ठेवाल? उत्तराची घाई नाही, चहा येऊ दे.

मी तरी आयुष्यभर बाजारावर ठेवला. एडवणहून बोईसरला आलो तेव्हा माझी शाळा चौथीत सुटलेली. पुढचं सगळं तराजूच्या मागे उभं राहून शिकलो. त्यात पहिली गोष्ट ही शिकलो की, आपल्याला डाळ कितीही चांगली वाटो, बाजार तिला हलकी म्हणाला तर ती हलकी. वाद घालायचा नाही. पोतं बाजूला सरकवायचं आणि भाव उतरवायचा. या एका अकलेवर मी स्टेशनबाहेर बेसन-तेलाचं दुकान उभं केलं. चौऱ्याऐंशी सालापर्यंत अशी स्थिती होती की, स्टेशनपासून तारापूरच्या वाटेवर संध्याकाळी जेवढ्या हातगाड्या लागायच्या, त्यातल्या बहुतेकांच्या कढईत माझंच तेल.

दिवेलागणीला मी दुकान नोकरावर सोपवून गाड्यांवरून चक्कर मारायचो. तेल जळकं लागतंय का, बेसनात वास येतोय का, तोंडानेच तपासायचो. पाहुणा आला तर त्यालाही बरोबर घ्यायचो. हळूहळू त्या चकरेचं नाव झालं. कारखान्यात मुंबईहून साहेब आले की निरोप यायचा, अण्णा, आमच्या साहेबांना फेरी घडवा. एकदा माझी वजनं तपासायला एक साहेब आले होते. म्हटलं, वजनं कुठे पळत नाहीत, आधी फेरी. शेवटच्या गाडीपर्यंत त्यांना पाऊल उचलेना. परतीची आगगाडी चुकली, आणि रात्र माझ्याच पोत्यांवर घोरत काढली. सकाळी वजनं तपासली. ती बरोबर भरली, हेही सांगून ठेवतो.

फेरीचे माझे नियम होते. कुठेही बसायचं नाही. एका गाडीवर पोट भरायचं नाही. आणि गाडीवाल्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे सरकायचं नाही.

२

त्या उन्हाळ्यात माझ्या दमयंतीचं लग्न झालं. जावई कृष्णकांत, सिन्नरकडचे. इथल्याच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी. उंच, हसतमुख, आणि खाण्याचे शौकीन, म्हणजे माझ्या घरी यायला अगदी लायक. खोली मिळेपर्यंत दोघं आमच्याकडेच राहत होती. पाऊस ओसरला, रस्ते सुकले, तशी माझी बायको रखमा म्हणाली, जगाला फिरवता, जावयांना कधी नेणार?

पहिली गाडी मैनाबाईची, स्टेशनच्या भिंतीला लागून. कांदाभजी. ती मासवणकडची. नवरा कारखान्यात जायचा आणि ही कढईवर. आम्ही पोचलो तेव्हा तिचा पहिला घाणा निघत होता.

आता एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे गाडीवर पहिला घाणा निघाला की त्यातलं एक भजं, वडा, जे असेल ते पळसाच्या पानावर काढतात आणि गाडीच्या मागच्या चाकापाशी, अंधाराच्या बाजूला ठेवतात. कोणासाठी, ते कोणी बोलत नाही. कुत्रं खातं, मुंग्या खातात. सगळ्याच गाड्यांवर ठेवत. मी बेसन विकणारा, मी कधी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात?

मैनाबाईने पान ठेवलं आणि पाठ फिरवली. कृष्णकांत नेमके त्या बाजूला उभे होते. त्यांना वाटलं, पाहुण्याला चव घ्यायला काढून ठेवलंय. वाकले, भजं उचललं आणि म्हणाले, "अण्णा, पहिला घाणा आमचा."

मैनाबाईचा हात पुढे आला. भज्यापासून वीतभर अंतरावर थांबला. आणि तिथेच राहिला.

तुम्ही आमच्याकडचे असता तर तुम्हाला कळलं असतं तो हात का थांबला. जावयाच्या हातातला घास कोणी काढून घेत नाही. त्यातून मी तिला माल देणारा, आणि हे माझे जावई, पहिल्यांदाच तिच्या गाडीवर आलेले. आजूबाजूला गिऱ्हाइकं होती. कोणीतरी नजर खाली घातली. कृष्णकांतांनी भजं चावलं, जरा थांबले, आणि म्हणाले, "मीठ विसरलात, मावशी."

मैनाबाईच्या भज्यांना मीठ कमी, असं त्याआधी कोणी बोललं नव्हतं. मी घाण्यातलं दुसरं भजं उचलून खाल्लं. मीठ बरोबर होतं.

३

दुसरी गाडी एकनाथची, उसळ-वड्याची. एकनाथ बडबड्या माणूस, नळावरच्या भांडणापासून दिल्लीच्या राजकारणापर्यंत सगळं वड्याबरोबर वाढायचा. जावयांना पाहून त्याने दोन्ही हात जोडले, बाकडं पुसलं. उसळ तोंडात घातल्यावर कृष्णकांत पुन्हा म्हणाले, अळणी आहे. एकनाथने मीठ दिलं. त्यांनी चिमूट घातली, मग आणखी चिमूट, मग बोटांनी उचलून वरून पसरलं. एकनाथ बोलता बोलता थांबला नाही, पण त्याची नजर त्या मिठावर होती.

तिसरी गाडी चण्याच्या चाटची, एका भय्याची. कारखान्याची पाळीची बस नुकतीच येऊन रिकामी झाली होती, गर्दी दाट. भय्याने एक द्रोण भरून माझ्या हातात दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. म्हटलं, दामाद को भी दो. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या डाव्या बाजूला पाहिलं, उजव्या बाजूला पाहिलं. कृष्णकांत उजवीकडेच उभे होते, माझ्या खांद्याला खांदा लावून. भय्याच्या कपाळाला आठी पडली. मग एकदम सापडल्यासारखा हसला, "अरे हां, माफ करना," आणि त्याने दुसरा द्रोण भरला.

मी मनात म्हटलं, गर्दी आहे, गॅसबत्ती डोळ्यांवर येतेय.

शेवटची गाडी नर्मदाची. रस्त्यावरचे दिव्याचे खांब जिथे संपतात तिथे ती तव्यावर बोंबील तळायची, बरोबर तांदळाची भाकरी. नर्मदा तारापूरच्या कोळीवाड्यातली, जिभेने तिखट. मला म्हातारा बगळा म्हणायची, फक्त मासळीसाठी एवढं चालत येणारा. त्या संध्याकाळी मला लांबून येताना पाहून ओरडली, "आज एकलेच, अण्णा? जावई आननार होतेत ना?"

कृष्णकांत हसले. मला वाटलं, ही थट्टा करतेय, तिची रीतच ती. मीही हसलो. मग तिने एकच भाकरी काढली, त्यावर दोन बोंबील ठेवले, माझ्यापुढे धरले आणि वाट बघत उभी राहिली, मी घेतो कधी म्हणून. तिच्या तोंडावर थट्टा नव्हती.

परतताना कृष्णकांत म्हणाले, अण्णा, तुमच्या बाजारात माझी पत काही दिसत नाही.

४

सुरुवातीला ते स्वतःच थट्टा करायचे. पाळीची बस त्यांच्यासमोरून न थांबता गेली, तर घरी येऊन म्हणाले, ड्रायव्हर झोपेत होता. प्रयोगशाळेत त्यांच्या स्टुलावर दुसरा मुलगा बसलेला सापडला, तर म्हणाले, साहेब विसराळू आहेत. मी प्रत्येक गोष्टीला कारण शोधत होतो, आणि व्यापाऱ्याला कारणं सापडतात. इथल्या कारखान्यांचा धूर कसा असतो, हे तुम्ही बघितलेलं नाही. म्हटलं, रसायनांनी जीभ मेली असेल. जीभ मेली की माणूस मंद होतो, मंद माणसाकडे लोक लक्ष देत नाहीत. बसलं की नाही गणित?

त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर माझे जुने ओळखीचे. मी सगळं सांगितलं, जीभ, भूक, थकवा. डॉक्टरांनी मान हलवली, आणि माझं मनगट धरून नाडी बघायला लागले. शेजारच्या खुर्चीत कृष्णकांत हात पुढे करून बसले होते. त्यांनी तो हात बराच वेळ तसाच धरला. मग हळूच मांडीवर घेतला. त्या दिवसानंतर ते थट्टा करायचे थांबले.

घरी जेवायला बसलो की रखमा त्यांचं पान मांडायला विसरायची. मी म्हणालो की दचकून उठायची, स्वतःच्या कपाळावर हात मारायची. दमयंती विसरत नव्हती. पण तिचा भात कमी पडायला लागला. रोज कमी पडायचा आणि रोज ती स्वतःच्या पानातला त्यांना काढून द्यायची. एका दुपारी दुकानात आली. गिऱ्हाईक जाईपर्यंत गुळाच्या ढेपेशी उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा, समोर असतात तोवर ठीक आहे. मी चुलीकडे तोंड केलं की घरात कोणी नाही असं वाटतं. वळून बघायची भीती वाटते मला."

"वळून दिसतात ना?"

"दिसतात. पण आज जरा वेळ लागला."

पोरीला म्हटलं, नवीन संसार आहे, होतं असं. ती माझ्याकडे बघत राहिली. माल खराब आहे हे दोघांनाही माहीत असताना गिऱ्हाईक विकणाऱ्याकडे बघतं, तसं. मी त्याच क्षणी ठरवलं, काय लागेल ते लागो, तिचा माणूस तिला परत आणून द्यायचा.

५

मैनाबाईला गाठलं. ती कांदा चिरत होती, मान वर केली नाही. मी विचारलं, त्या पानावरचं कोण खातं?

"आमी बगत नाय, अण्णा. पान ठेवलं का पाठ फिरवायची. माज्या सासूनं येवडंच सांगितलं."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

तिने सुरी खाली ठेवली. "जावयाचा हात कसा धरू? तुमी धरला असता?"

मी नसता धरला. खोटं कशाला बोलू.

मग मी मला येतं तेच केलं. चुकून दुसऱ्याचा माल आपल्याकडे आला तर भरून द्यायचा, वर चार दाणे जास्त, आणि विषय संपवायचा. त्या संध्याकाळी मैनाबाईचा पहिला घाणा मी अख्खाच पानांवर ठेवायला लावला. पळसाची पानं चाकापासून भिंतीपर्यंत मांडली. एकनाथकडे वडे ठेवले, नर्मदाकडे बोंबील. सगळीकडे पाठ फिरवली. मागे कुत्र्याचा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं तर पानं पुसल्यासारखी स्वच्छ होती, तेलाचा डागही नाही.

रात्री जेवायला घरी आलो तर रखमाने तीनच पानं मांडली होती. कृष्णकांत दाराशी उभे होते, आत यावं की नाही अशा बेताने. मी चौथं पान मांडलं. रखमा म्हणाली, "कोणी येणार आहे का?"

दमयंतीने मान वर केली. दाराकडे बघितलं. मला वाटलं, दिसले. मग तिने उठून दार लोटून घेतलं, वारा येतोय म्हणून.

६

त्यानंतर ते दिवेलागण झाली की बाहेर पडू लागले. मी मागे मागे जायचो. ते फेरीच्या वाटेनेच जायचे, पण उजेडाच्या बाजूने नाही. गाड्यांच्या मागून, गटाराच्या कडेने. प्रत्येक गाडीपाशी थोडे थांबायचे. मैनाबाई पाठ फिरवायची. मला दिसायचं ते एवढंच की चाकापाशी कोणीतरी वाकतंय. हाक मारली की ते वळायचे, पण दर वेळी उशिराने, जसं लांबच्या माणसाला ऐकू जायला वेळ लागतो.

मधेच मी सिन्नरला जाऊन आलो. त्यांच्या आईने आदराने बसवलं, पाणी दिलं, आणि विचारलं, आपण कुठले? मी नाव सांगितलं. म्हणाल्या, आम्हाला दोन्ही मुलीच. मी भिंतीवर बघितलं. फोटोंचं मला विचारू नका.

परत आलो ती तिन्हीसांज होती. घरी न जाता तसाच तारापूरच्या वाटेला लागलो. नर्मदाच्या गाडीशी पोचलो तेव्हा ती तवा तापवत होती. खाडीकडून वारा सुटला होता, बत्ती बांबूला टांगलेली, हलत होती. तिने पहिला बोंबील पानावर काढला, मागे ठेवला आणि पाठ फिरवली. त्या दिवशी मी फिरवली नाही.

वाऱ्याने बत्ती गर्रकन वळली. उजेड गाडीच्या मागे गेला, आणि क्षणभर तिथेच थांबला.

पंगत बसलेली होती. गटाराच्या कडेने उकिडवी माणसं, गुडघे वर, खांदे पडलेले, एकाला लागून एक. उजेड संपला तिथे पंगत संपली नव्हती. कोणाच्या अंगावर कारखान्याचे खाकी कपडे, कोणाला नुसती लंगोटी, एक बाई पदर डोक्यावर घेतलेली. प्रत्येकापुढे पान. सगळ्यांच्या माना खाली. आवाज फक्त चावण्याचा, सावकाश, जसं लग्नघरी शेवटच्या पंगतीत जेवतात तसं. अलीकडच्या टोकाला कृष्णकांत होते. त्यांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा उजळला होता, तसा. ते थोडे सरकले. त्यांच्या शेजारचाही सरकला. मध्ये एका माणसापुरती जागा झाली आणि तिथे एक पान होतं.

"बसा, अण्णा," ते म्हणाले. "इथं मीठ बरोबर आहे."

मला भूक लागली. ते सगळ्यात वाईट. सिन्नरहून उपाशी आलो होतो, आणि त्या वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटलं. माझा गुडघा वाकला होता, हे मला आठवतं. मग नर्मदाने न वळता मागच्या मागे माझ्या सदऱ्याला धरून उजेडात ओढलं आणि माझ्या हातात गरम भाकरी कोंबली.

"खा," ती म्हणाली. "बग कशी लागते."

मी घास चावला. मीठ होतं. मी रस्त्यावर उभा राहून, लहान पोरासारखा रडत, ती भाकरी संपवली. बत्ती पुन्हा पुढे वळली होती. मागे अंधार होता आणि मी त्यात परत बघितलं नाही.

७

दमयंतीला मी काय देणार होतो? तिने मागितलंच नाही काही. दिवाळीपर्यंत तिच्या डोळ्यांतली ती भीती गेली, आणि मला सांगायला लाज वाटते, तिची तब्येत सुधारली. रखमा म्हणायला लागली, मुलगी पंचविशीला आली, आता बघायला हवं. मी कपाट उघडून दमयंतीचं मंगळसूत्र रखमापुढे धरलं. तिने ते उलटंपालटं करून बघितलं, वजन बरं आहे म्हणाली, आणि विचारलं, हे कोणी गहाण ठेवलंय का? दमयंतीने आरशापुढे धरून बघितलं. "छान आहे," म्हणाली, आणि परत दिलं.

मी बाजाराला विचारत फिरलो. एकनाथला, भय्याला, डॉक्टरांना. कोणाला काही माहीत नव्हतं. ती मैनाबाईसुद्धा एके दिवशी म्हणाली, कोनता जावई, अण्णा? आणि ती खोटं बोलणारी नव्हे. अख्खा बाजार एकीकडे आणि मी एकटा दुसरीकडे. मला चेहरा आठवेनासा झालाय. हात आठवतो, भजं उचलणारा. कधी कधी वाटतं, तोही माझाच असेल.

गेल्या आठवड्यात पालघरहून स्थळ आलं. मुलगा चांगला आहे, बँकेत आहे. त्याच्या वडिलांनी सुपारी फोडण्याआधी सरळ विचारलं, मुलीचं हे पहिलंच ना? सगळे माझ्याकडे बघत होते. दमयंती दाराआड उभी होती, नवी साडी नेसलेली. मी म्हणालो, पहिलंच. सगळ्यांनी पेढे खाल्ले. मीही खाल्ला.

लग्न माघात आहे. मी बोलावणं करायला आलोय, चहा प्यायला नाही. तुम्ही लग्नाला या, जेवा, पोरीला आशीर्वाद द्या, आणि तिथे कोणापाशी यातला एक शब्द काढू नका. मी म्हातारा होत चाललोय, उद्या परवा मीही बाजाराचंच खरं धरेन. पण तुम्ही बाहेरचे, तुम्हाला यात नफा ना तोटा, म्हणून तुमच्याकडे मागतोय. माझ्यामागे कधी कोणी विचारलं, अण्णांना जावई किती, तर तुम्ही तरी हिशेब खरा ठेवा. दोन सांगा.